नव्या कॅप्टनला चार हिताच्या गोष्टी

सर्वप्रथम अभिनंदन! हेवीचं लायसन हातात पडलं आणि पाठोपाठ ट्रकवाहतुकीच्या मोठ्या कंपनीत नोकरीही लागली. गावात पेढे वाटले असतील. वाटायलाच हवेत. मामाच्या सहाचाकीवर किन्नर, म्हणजे क्लीनर, म्हणून टायर ठोकत फिरणं वेगळं आणि हजारो गाड्यांच्या कंपनीत गळ्यात ओळखपत्र अडकवून बसणं वेगळं. मीही असेच पेढे वाटले होते. त्याला चौदा महिने झाले. परवा पगाराचा मेसेज आला, त्यात 'डिझेल फरक' या नावाखाली ५,९४० रुपये वजा झालेले दिसले. तेव्हापासून माझं मन फार मोठं झालंय. आपल्याला मिळालेलं ज्ञान एकट्याने खाऊ नये असं वाटायला लागलंय. म्हणून हा खटाटोप.

पहिली गोष्ट, आजपासून तुम्ही ड्रायव्हर नाही. तुम्ही 'कॅप्टन' आहात. पहिल्या दिवशी एका हॉलमध्ये बसवून एचआरच्या मॅडम हे सांगतील, टाळ्या होतील, समोसा आणि फ्रुटी मिळेल. त्या हॉलचा एसी नीट अनुभवून घ्या. पुढे आठवण काढायला उपयोगी पडतो. कॅप्टन हा शब्द पगाराच्या स्लिपवर नसतो, तिथे तुमचा नंबर असतो. गोदामाच्या गेटवर तर नंबरही नसतो, तिथला वॉचमन 'ए गाडीवाला, मागे घे' म्हणतो. अशा वेळी मनात 'ए कॅप्टन' असं ऐकायचं. सवयीने जमतं.

लग्न आधीच उरकून घ्या. नंतर मुलगी कोण देणार?

आता झोपेविषयी. झोप ही सवय आहे आणि सवयी मोडता येतात. माझा रूट बेंगळुरू ते भिवंडी, हजार किलोमीटरला थोडे कमी. ई-वे बिलाचा, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या कागदाचा, नियम सांगतो की दर २०० किलोमीटरला एक दिवस. म्हणजे हा माल पोचवायला सरकार पाच दिवस देतं. सरकारी कारभारच तो, आळशी असणारच! आमची कंपनी हेच काम छत्तीस तासांत करून मागते, आणि त्यातही लोडिंगला गेलेला वेळ त्याच छत्तीसमध्ये धरते. वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली एक कायदा झाला होता म्हणे. दिवसाला आठ तास काम, पाच तास झाले की निदान अर्धा तास विश्रांती, आठवड्याला एक सुटी. फार गोड कायदा. पण तो वाचायचा तर गाडी बाजूला घ्यावी लागते, आणि गाडी थांबली की कंट्रोल टॉवरचा फोन येतो. तेव्हा वाचू नका.

कंट्रोल टॉवर म्हटल्यावर तुम्हाला विमानतळ आठवला असेल. तसं काही नाही. कुठल्याशा इमारतीत सहाव्या मजल्यावर काही पोरं बसलेली असतात आणि स्क्रीनवर आपण त्यांना ठिपका म्हणून दिसतो. ठिपका हलला पाहिजे. ठिपक्याला पोट नसतं, हे त्यांच्या ट्रेनिंगमध्ये शिकवत असावेत. कागलच्या पुढे एकदा पहाटे माझं पोट बिघडलं. गाडी कडेला लावली आणि उसाच्या आडोशाला गेलो. तिथे बसलेला असताना फोन. "गाडी क्यों खड़ी है?" मी खरं कारण सांगितलं. समोरून दोन सेकंद शांतता आणि मग, "कितना टाइम लगेगा?" आता याचं काय उत्तर द्यायचं? मी दहा मिनिटं म्हणालो. त्याने नोंद केली. अकराव्या मिनिटाला परत फोन आला! सांगायचा मुद्दा, अशा गोष्टींचा अंदाज नेहमी वाढवून द्यावा.

वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची हमाली, खिशातून द्यावी. 'ज्याचा माल त्याचा हमाल' असं वाहतूकदारांच्या संघटना कितीही ओरडोत. माल व्यापाऱ्याचा, गाडी कंपनीची, हमाल गोदामाचे, मग तुमचं असं त्यात काही नको का? खिसा तुमचा.

एंट्रीचं, म्हणजे नाक्यावरच्या चिरीमिरीचं, व्हाउचर मागू नका. हसतात.

भिवंडीत पोचलात की घाई करू नका. छत्तीस तासांची घाई फक्त रस्त्यावर असते. माणकोली नाक्याच्या अलीकडे पलीकडे कुठेतरी रांगेत लागा, टोकन घ्या आणि बसा. मागच्या फेरीत मी एकोणीस तास बसलो. आत गोदामात चकाचक फरशी, रॅक, स्कॅनर, सगळं. बाहेर पाटी, 'चालकांनी शौचालयाचा वापर करू नये.' उन्हाळ्याचे दिवस, केबिनचा पत्रा तापलेला. पण माझं नशीब थोर. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, आणि तसली एक नवी कोरी गाडी माझ्या वाट्याला आली. गावी फोन करून सांगितलं होतं, आई, एसीची गाडी मिळाली. आईने शेजारच्या काकूंना सांगितलं.

तर एसी लावू नका. एसीला इंजिन चालू लागतं, उभ्या गाडीचं इंजिन डिझेल खातं, ते फोनवर लगेच दिसतं आणि मेसेज येतो, 'कॅप्टन, इंधन वाचवा, देश वाचवा.' एसी बघण्यासाठी आहे. त्याची जाळी पुसत जा.

गाडीच्या मागे काही लिहू नका. पूर्वी लोक आईबापाचा आशीर्वाद लिहायचे, पोरांची नावं लिहायचे. आता तिथे कंपनीचा एक फोन नंबर असतो, 'मी गाडी कशी चालवतोय? कळवा.' लोक कळवतात. डाव्या बाजूने घुसलेल्या, आरशात न दिसलेल्या स्विफ्टवाल्यांनी आजवर तीनदा कळवलंय. कंपनी कशी चालली आहे हे कळवायला कुठे नंबर असेल तर मला जरूर सांगा, मी खांडेनवमीला हार त्यालाच घालीन.

आणि आता मुख्य विषय. ॲव्हरेज.

ॲव्हरेज म्हणजे लिटरला किती किलोमीटर, हे तुम्हाला ठाऊक आहे असा तुमचा समज असेल. तो काढून टाका. ॲव्हरेज म्हणजे तुमचं चारित्र्य. माझ्या गाडीला कंपनीने ४.२ ठरवून दिलाय. कुणी ठरवला? माहीत नाही. जुन्या, बिनएसीच्या गाड्यांनाही हाच होता. खंबाटकी चढताना मोजला की सपाटीला? लोड किती होता? समोरून वारा होता का? भिवंडीची रांग धरली का? असले प्रश्न चारित्र्याच्या बाबतीत विचारायचे नसतात. महिन्याला सात हजार किलोमीटर चाललो, ॲव्हरेज आला ४.०४. ठरल्यापेक्षा सहासष्ट लिटर जास्त जळलं. लिटरला ९० रुपये लावले आणि झाले ५,९४०. बरं, ते डिझेल मी प्यायलो का? विकलं का? टाकीला सेन्सर, झाकणाला सील, पंपावर कंपनीचं कार्ड, गाडीत जीपीएस, फास्टॅगवर प्रत्येक नाक्याची वेळ. मी चोरी केलेली नाही हे त्यांच्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नाही. तरीही फरक माझा. टायरमध्ये हवा कमी असली तर ॲव्हरेज पडतो, मग हवा बघायची कुणी? वर्कशॉपने. वर्कशॉपच्या पगारातून किती कापले? फिल्टर बदलायची तारीख उलटून दोन महिने झाले, ॲपवर तीनदा टाकलं, 'तुमची विनंती नोंदवली आहे'. नोंदवलीय ना, मग फिल्टरमध्ये घाला ती नोंद!

असो. सल्ला द्यायचा होता. तर ॲव्हरेज वाढवायचा सोपा उपाय जुनेजाणते तुम्हाला हळूच सांगतील. उतार आला की न्यूट्रल. त्याहून हुशार असाल तर इंजिनच बंद. माल भरलेली गाडी, आपल्याच वजनाने जाते की खाली. फुकट. आणि बेंगळुरूहून येताना देवाने तीन मोठे उतार आपल्याच दिशेने ठेवलेत, खंबाटकीचा बोगदा सोडल्यावर, कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत, आणि मग बोरघाट. एवढे तीन साधले की मिळाला ४.२.

यात एक गंमत आहे, ती मला माझ्या वस्तादाने शिकवली, कंपनीच्या बारा दिवसांच्या ट्रेनिंगने नाही. गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला तर आजकालचं इंजिन उतारावर डिझेल घेतच नाही, इंजेक्टर बंद होतात. न्यूट्रलला मात्र इंजिन आपलं आपण चालू राहायला थोडंथोडं पीतच असतं. म्हणजे नुसत्या न्यूट्रलने वाचत काही नाही. वाचतं ते गाडी सुसाट सोडून तोच वेग पुढच्या चढाला वापरला तर, नाहीतर चावी फिरवून इंजिन बंद केलं तर. आणि इंजिन बंद केलं की कॉम्प्रेसर बंद. टाकीत नवी हवा भरत नाही. आपले ब्रेक हवेवरचे. चार-सहा वेळा दाबला की हवेचा काटा खाली यायला लागतो, स्टेअरिंग दगडासारखं होतं, ब्रेकचे लायनर तापून वास सुटतो, आणि समोर पुणं असतं. वस्ताद म्हणायचा, ज्या गिअरला चढ चढशील त्याच गिअरला उतर. त्याने कधी ॲव्हरेज विचारला नाही. गाडी त्याची स्वतःची होती, हप्ते फेडलेली.

नोव्हेंबर २०२२ मध्ये नवले पुलावर एका ट्रकने डझनावारी गाड्या उडवल्या. ड्रायव्हरने उतारावर इंजिन बंद केलं होतं असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच ठिकाणी पुन्हा अपघात झाला, माणसं जळून मेली. दर वेळी बातमीत तेच, ब्रेक फेल, चालकाचा ताबा सुटला. ताबा सुटला! ताबा काय आपोआप सुटतो?

गेल्या महिन्यात आमच्याकडे सत्कार झाला. सगळ्यात जास्त ॲव्हरेज देणाऱ्या पोराला मिक्सर दिला. तेवीस वर्षांचं पोरगं, भरल्या गाडीला ४.६. भरल्या गाडीला ४.६ कसा येतो हे त्या हॉलमधल्या प्रत्येक ड्रायव्हरला माहीत होतं. स्टेजवरच्या साहेबांनाही माहीत असणार, ते काही मूर्ख नाहीत. कुणी विचारलं? टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

आणि पैसे कापल्यावर पहिल्याच फेरीत कात्रजच्या बोगद्यापुढचा दरी पूल ओलांडला आणि मी न्यूट्रल टाकला. खोटं कशाला बोलू? सहासष्ट लिटर डोक्यात घुमत होते. स्वामिनारायण मंदिर गेलं, काटा साठच्या पुढे, आणि पुढे एक स्कूटी. बाई चालवत होती, पुढे फूटबोर्डवर दप्तर घेतलेलं पोरगं उभं. ब्रेक लागला. हवा होती टाकीत, इंजिन चालू होतं म्हणून. गिअर परत पडायला दोनदा किरकिरला, तेवढ्यात हात असे गार पडले की पुढे वडगावला बाजूला घेऊन उभा राहिलो. फोन आला. "गाडी क्यों खड़ी है?"

आता मस्करी बास.

साहेब, तुमच्या त्या एक्सेलमध्ये ४.२ लिहायला तुम्हाला एक सेकंद लागला असेल. तो आकडा उतारावर काय करतो हे बघायला एकदा केबिनमध्ये बसा. क्लीनरची सीट रिकामीच असते, क्लीनर तुम्हीच काढलात. रात्री दोनला बसा, निपाणीपासून पुढे. झोप घेऊ देत नाही, रांगेत जळलेलं डिझेल आमच्या नावावर टाकता, उतारावर वाचवलं तर मिक्सर देता, आणि अपघात झाला की तुमचं पत्रक तयार, 'मानवी चूक'. कोणत्या मानवाची ते कधी लिहीत नाही. केस ड्रायव्हरवर, मार ड्रायव्हरला, लायसन ड्रायव्हरचं. जानेवारी २०२४ मध्ये, अपघात करून न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेवरून गाड्या उभ्या राहिल्या, पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा दोन दिवस लोकांना आम्ही दिसलो. शिक्षा कुणाला? न्यूट्रल टाकणाऱ्याला. तो टाकल्याशिवाय पगार पुरा पडणार नाही अशी सोय करणाऱ्याला किती? लाज वाटत नाही का भर सभेत मिक्सर वाटताना?

आणि भावा, तू. वर जे लिहिलं ते विसर. सुटी माग. फिल्टर बदलला नाही तर ॲपवर टाकतोस त्याचा फोटो काढून ठेव, टोकन घेतलेल्या वेळेचा फोटो काढून ठेव, भिवंडीत एसी लाव. झोप आली की ढाब्यावर गाडी लाव आणि फोन सायलेंटवर टाक. फार तर कापतील. ५,९४० ची पावती घेऊन मी एक तारखेला ऑफिसात जातोय, चौघेजण सोबत यायला तयार आहेत, पाचवा तो मिक्सरवाला. त्याला मी नवले पुलाचं सांगितलं तर म्हणाला, दादा, माझं दोनदा झालंय असं.

बोगदा सोडलास की खालचा गिअर टाक, आणि पुलापर्यंत काढू नकोस.