उत्तर: ‘१ टीबीच्या डिस्कला १६ दिवस, तरी फोटो अर्धेच’

नमस्कार,

तुमची तक्रार अशी, की बिघडलेल्या हार्ड डिस्कमधला डेटा परत काढायला आम्ही १६ दिवस लावले, काही फोटो खालून करडे आले, व्हिडिओ उघडत नाहीत, फायलींची नावं गेली. आणि घरच्या सॉफ्टवेअरमध्ये तर सगळं दोन तासांत दिसत होतं. एवढ्या दिवसांत आम्ही एकदाही स्वतःहून फोन केला नाही, ही चूक आमचीच. बाकीच्याबद्दल लिहितो.

सॉफ्टवेअर जी यादी दाखवतं ती एमएफटीवरून, म्हणजे डिस्कवरच्या अनुक्रमणिकेवरून. फोटोचा डेटा असतो वेगळ्याच सेक्टरांत, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या छोट्या खणांत. अनुक्रमणिका धड असली तरी आतली पानं फाटलेली असू शकतात, आणि ते फाईल प्रत्यक्ष वाचायला घेतल्याशिवाय कळत नाही.

आता वेळ. डिस्क सेकंदाला १०० एमबी देत असेल तर १ टीबी पावणेतीन तासांत उतरतो. तोच वेग १ एमबीवर आला की साडेअकरा दिवस. तुमच्या डिस्कच्या स्मार्ट अहवालात (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) १९७ क्रमांकाच्या ओळीतला आकडा, म्हणजे धड वाचता न येणारे ‘पेंडिंग’ सेक्टर, रोज वाढत होता. अशा सेक्टरवर ड्राइव्ह स्वतःच पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आणि एकेका जागी कित्येक सेकंद अडकते. साधं कॉपी-पेस्ट तिथेच घुटमळतं आणि डिस्क वाचणाऱ्या हेडचं उरलंसुरलं आयुष्य खातं. म्हणून डिस्क थेट कॉम्प्युटरच्या साटा पोर्टला जोडून डीडीरेस्क्यू या सॉफ्टवेअरने तिची इमेज, म्हणजे सेक्टरागणिक हुबेहूब प्रत, घेतली: आधी सहज वाचता येणारा भाग, खराब पट्टे वगळून; मग त्या पट्ट्यांच्या कडा; शेवटी एकेक सेक्टर, तीन फेऱ्या. कुठला भाग वाचून झाला याची मॅप फाईलमध्ये नोंद राहते, त्यामुळे डिस्क मध्येच बंद पडली तरी वाचलेलं पुन्हा वाचावं लागत नाही. पुढचं सगळं काम इमेजवर. मूळ डिस्कवर आम्ही काहीच लिहिलं नाही.

लिहिलं होतं ते चेकडिस्कने (विंडोजमधली डिस्क तपासणारी सोय), डिस्क आमच्याकडे येण्याआधी. फाउंड.००० हा फोल्डर त्याचीच खूण. चेकडिस्क फाईल सिस्टीम, म्हणजे फायलींच्या नोंदींची मांडणी, सुसंगत करते, तुमच्या फायली वाचवणं हे तिचं कामच नाही. न वाचता आलेल्या नोंदी ती सरळ काढून टाकते. नोंद गेली की नावही गेलं. मग फाईलच्या सुरुवातीच्या खुणेवरून फायली शोधाव्या लागतात आणि नावाच्या जागी आकडे येतात.

करड्या फोटोंचं कारण: जेपेगचा, म्हणजे फोटोच्या नेहमीच्या फाईलचा, डेटा सलग गुंफलेला असतो. मधला एक सेक्टर गेला की धागा सुटतो आणि तिथून खाली करडा पट्टा किंवा सरकलेले रंग दिसतात. खालचा भाग कधीकधी हाताने जुळवता येतो, गेलेला सेक्टर मात्र येत नाही.

व्हिडिओंचं थोडं बरं आहे. एमपी४ या व्हिडिओ फाईलमध्ये ‘मूव्ह’ (moov) नावाचा भाग, म्हणजे व्हिडिओची अनुक्रमणिका, बहुधा फाईलच्या शेवटी असतो. तो नसेल तर आतलं चित्रण शाबूत असूनही व्हिडिओ चालत नाही. त्याच फोनवर, त्याच सेटिंगने घेतलेली एखादी चांगली क्लिप आणून दिलीत तर तिच्यावरून तो भाग पुन्हा बांधून पाहता येईल. इमेज अजून आमच्याकडे आहे, तुम्ही सांगितल्याशिवाय पुसणार नाही. मूळ डिस्क तोवर कुठेही जोडू नका, ‘एकदाच बघू’ म्हणूनही नको.