भाकरी तोडली म्हणता, पण वजन केलंत का?

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवडाभर एकच वाद पेटलाय. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर आत्याला सोलापुरात होटगी रोडकडच्या एका शुश्रूषा केंद्रात ठेवलंय. तिथे तिची भाकरी बंद करून मिक्सरमधून काढलेलं जेवण सुरू केलं. त्यावर काकांनी लिहिलं, "जन्मभर ज्वारी खाल्लेल्या बाईला लापशी पाजताय. म्हातारीची भाकरी तोडली. ही सगळी इंग्लंडची खुळं." पाठोपाठ अंगठ्यांची रांग. दुसरा गट तितकाच ठाम: डॉक्टरांनी पथ्य दिलंय, साखर-मीठ-तेल बंद, कुणी मध्ये बोलायचं नाही.

मी लेस्टरला केअर होममध्ये नर्स आहे. इंग्लंडचं खूळ म्हटल्यावर माझ्याच्याने गप्प बसवेना.

आपल्याकडे भाकरी आमटीत कुस्करून दिली की म्हाताऱ्या माणसाची सोय झाली, असं घरोघरी धरून चालतात. झटका आलेल्या माणसाला हाच काला फार अवघड. पातळ आमटी आधी घसरते, भाकरीचे तुकडे तोंडात मागे राहतात आणि कमजोर घशाला दोन्ही एकदम सांभाळता येत नाही. आमटी श्वासनलिकेत उतरते, आणि दर वेळी ठसका लागतोच असं नाही. मग छातीत कफ, ताप, न्यूमोनिया. शेंगाचटणीचं तसंच, कोरडे कण घशाशी चिकटून बसतात. ज्या दोन पदार्थांवर मी वाढले त्यांच्याबद्दल हे लिहिताना जिवावर येतं, पण खरं आहे ते आहे.

गिळायला त्रास होणाऱ्यांसाठी २०१९ पासून इथे सगळीकडे खाण्यापिण्याच्या ० ते ७ अशा पातळ्या ठरलेल्या आहेत. पाचव्या पातळीच्या, म्हणजे बारीक केलेल्या ओलसर जेवणात मोठ्या माणसासाठी कण ४ मिलिमीटरपेक्षा मोठा चालत नाही. फोर्कच्या दोन दातांमधली फट साधारण तेवढीच असते, त्यामुळे ताटाशी उभं राहूनच तपासता येतं. चौथ्या पातळीला, म्हणजे गुळगुळीत घोटलेल्या जेवणाला, चमचा तिरका केला की घास अख्खा सुटून पडायला हवा. चमच्याला चिकटून राहिला तर परत, पाणी सुटलं तर परत. ड्यूटी बदलताना आम्ही एकमेकींशी हेच बोलतो.

यात इंग्रजांचं काय आहे, काका? ज्वारीच्या पिठाची घट्ट आंबील गुठळी न होऊ देता शिजवा, गाळून घ्या, आणि चमचा तिरका करून बघा. बारीक कूट शिजवून केलेली घट्ट दाण्याची आमटी, गाळलेली. मऊ शिजवून घोटलेली भगर. आत्या पंढरपूरच्या वाटेवरच्या गावात वाढलेली, एकादशी ती सोडायची नाही, आणि सोडायची गरजही नाही. आमच्याकडच्या एका गुजराती बांच्या केअर प्लॅनमध्ये एकादशी लिहिलेली आहे. होटगी रोडला ती का लिहिली जात नाही?

केंद्राची बाजू घेणाऱ्यांवर तर माझा जास्त राग आहे. मिक्सर फिरवला म्हणजे आहार झाला असं नाही. पाणी घालून पातळ केलेल्या वरणभातात पोट भरतं, अंगी काही लागत नाही. पासष्टीनंतर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत, आजारपणात त्याहून जास्त. पन्नास किलोच्या बाईला म्हणजे ५० ते ६० ग्रॅम. दोन भाकऱ्या आणि वाटीभर पातळ आमटी पंधराच्या आसपास जाते. त्यावर साखर आहे म्हणून गोड नको, बीपी आहे म्हणून मीठ नको, कोलेस्टेरॉल म्हणून तूप नको. मग ती बाई दोन घास खाऊन तोंड फिरवते आणि आपण म्हणतो, वय झालं, आता जेवण जात नाही. अशक्त वृद्धांच्या खाण्यावर बंधनं घातली की खाणंच घटतं आणि त्यानं नुकसान होतं, हे वृद्धांच्या पोषणाचे तज्ज्ञ कधीपासून सांगताहेत. रक्तातल्या साखरेचं उद्दिष्टही या वयात सैल ठेवतात. इथले फॅमिली डॉक्टर ऐंशीच्या बाईचा कस्टर्ड बंद करत नाहीत. आत्याच्या शिऱ्यावर मात्र पहारा.

यावर मला उत्तर आलं, "तू तिकडून शिकवू नकोस. पैसे पाठवून लेक होता येत नाही."

लागलं. आत्यानंच मला वाढवलं, ग्रुपवर सगळ्यांना ते माहीत आहे. मी इथे परक्यांच्या आयांना घास भरवते, त्यांच्या ओठांच्या कडा पुसते, कुणाला चहा किती घट्ट लागतो हे मला झोपेत विचारलं तरी सांगेन. आत्याला घास भरवणारी बाई विडी घरकुलातून, विडी कामगारांच्या वसाहतीतून येते, तेलुगू मिसळलेल्या मराठीत तिच्याशी बोलते, आणि आत्या तिचं ऐकते म्हणे. त्या बाईचा मला हेवा वाटतो. मी इतके आकडे लिहिते ते बरोबर आहेत म्हणून, आणि दुसरं काही मला तिथवर पोचवता येत नाही म्हणूनही. इथे बँक हॉलिडेला ड्यूटी लावताना मला कुणी विचारत नाही की मी कुठली. सोलापुरात मात्र आता विचारतात.

तरीही माझा प्रश्न मी मागे घेणार नाही. भाकरीवर इतकी भांडणं झाली, आत्याचं वजन कुणी केलं का? तीन-सहा महिन्यांत, कमी करायचं ठरवलेलं नसताना, दहा टक्क्यांहून जास्त वजन उतरलं तर इथे लगेच आहारतज्ज्ञाला कळवतात. दादा म्हणाला, तिला उभं राहता येत नाही, काट्यावर कसं घ्यायचं? तर शिवणाची टेप घ्या. डावा हात, खांद्याचं हाड आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये खूण करा, हात सैल सोडून दंडाचा घेर मोजा, टेप आवळू नका. २३.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर तिचं वजन बहुधा कमी पडलंय असं समजा, आणि पथ्याचा कागद घेऊन डॉक्टरांकडे परत जा. पुढच्या महिन्यात त्याच खुणेवर पुन्हा मोजा. आकडा ग्रुपवर टाका, काकांनाही बघू दे.