बादलीभर पाणी विषारी वायू शोषत नाही

'बिना हीटर, बिना खर्च, थंडीत घर उबदार ठेवण्याचे ७ उपाय' हा मेसेज गेल्या पंधरा दिवसांत मला चार ग्रुपांवर आला. मी तो वाचलाही नव्हता. मग रविवारी निफाड तालुक्यातून आत्याचा फोन आला. वय ७१, पत्र्याच्या घरात एकटी राहते. म्हणाली, "अगं, तो उपाय लागू पडला बघ. रात्री खोलीत शेगडी ठेवते, शेजारी पाण्याची बादली. थंडी पळाली. सकाळी डोकं तेवढं जड असतं आणि मळमळतं. पित्त वाढलंय बहुतेक."

ते पित्त नव्हतं. फोनवरच तिला शेगडी बाहेर काढायला लावली, दार उघडायला लावलं आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवलं. मग तो मेसेज शब्दन् शब्द वाचला.

त्यातला तिसरा उपाय असा आहे: 'निखारे लाल झाले की धूर संपतो. मग शेगडी खोलीत घ्या, दारं-खिडक्या लावा, जवळ पाण्याची बादली ठेवा. विषारी वायू पाण्यात विरघळतो.'

धूर संपतो हे खरं. घात तिथेच होतो. धूर डोळ्यांना झोंबतो, ठसका लागतो, माणूस उठून खिडकी उघडतो. लाल निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, तो झोंबत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. बंद खोलीतला ऑक्सिजन जसा कमी होतो तसा कोळसा आणखी अर्धवट जळतो आणि हा वायू आणखी वाढतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग ग्लानी येते. झोपलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही. आणि पाण्यात हा वायू जवळजवळ विरघळतच नाही. एक बादली ठेवा नाहीतर दहा, श्वासात जायचा तो जातोच.

आत्याचं पुढचं वाक्य ऐकून तर माझ्या पोटात गोळा आला. "पण कोविडातलं ऑक्सिमीटर आहे ना घरात, सत्त्याण्णव दाखवतं." बोटाला लावायचं ते यंत्र रक्तातून प्रकाश पाठवून त्याच्या रंगावरून अंदाज बांधतं. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही लालभडकच असतं, त्यामुळे साधं ऑक्सिमीटर त्याला ऑक्सिजनवालं रक्तच समजतं. खरं प्रमाण रक्ताच्या वेगळ्या तपासणीतच कळतं. म्हणून डॉक्टरांना 'खोलीत शेगडी होती' हे आपणहून सांगा, नाहीतर पित्ताच्या गोळ्या घेऊन घरी याल.

ग्रुपवर एका काकांनी लिहिलं, 'आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या शेगडी ठेवतात, कुणाला काही झालं नाही.' काका, ती घरं कौलारू होती, कौलांच्या फटींतून हवा खेळायची. आज वर स्लॅब आहे, खिडक्या सरकत्या काचांच्या आहेत. वर याच मेसेजचा दुसरा उपाय पत्र्याखालच्या सगळ्या फटी चिंध्यांनी बुजवायला सांगतो. एरवी तो चांगलाच आहे, पण शेगडीसोबत जीवघेणा आहे. आणि हे फक्त कोळशाचं नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे केरळहून गेलेले आठ पर्यटक हॉटेलच्या एका खोलीत झोपले आणि दगावले, त्यांत चार लहान मुलं. थंडी म्हणून गॅसचा हीटर लावला होता, दारं-खिडक्या आतून बंद होत्या. झोपेतून ते उठलेच नाहीत. हे वाचूनही ज्यांना मेसेज पुढे पाठवावासा वाटतो, त्यांनी निदान माझ्या आत्याला पाठवू नये.

बाकीचे मुद्दे. 'झोपताना दोन चमचे रम': दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंग गरम वाटतं आणि आतली ऊब उलट बाहेर पडते. म्हाताऱ्या माणसाला देऊच नका. 'शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते': नाही जात, डोकं शरीराच्या पृष्ठभागाच्या दहाव्या हिश्श्याएवढंच आहे. कानटोपी मात्र घाला, उघड्या डोक्याला थंडी वाजतेच.

'थंडी सोसली की प्रतिकारशक्ती वाढते' यावर मात्र माझा राग आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या घरांविषयीच्या मार्गदर्शिकेत थंडीच्या दिवसांत घरातलं तापमान सर्वसाधारणपणे १८ अंश तरी असावं असं म्हटलंय, आणि म्हातारी, आजारी माणसं, लहान मुलं यांना त्याहून जास्त लागू शकतं. थंड घरात रक्तदाब वाढतो, दमा बळावतो. निफाडला पारा पाच अंशांखाली गेलेल्या रात्री आपण पाहिल्या आहेत. सोसण्याची बढाई तिथे कामाची नाही.

गोधडीचा उपाय मला नाइलाजाने मान्य करावा लागतो. जुन्या लुगड्यांच्या थरांत हवा अडकते आणि ती हवाच ऊब धरते. पण मेसेज फक्त पांघरायला सांगतो. शहाबादी फरशी अंगातली ऊब खालून ओढते, म्हणून अंगावर एक तर अंगाखाली दोन. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता आकाशाकडे फेकतो आणि बाहेरच्या हवेहूनही गार होतो, पहाटे त्याला आतून पाणी सुटतं ते यामुळेच. आत्याच्या खोलीत आम्ही पत्र्याखाली जुन्या साड्या जोडून छत ताणलं, खाट मधल्या भिंतीला लावली. दुपारी खिडकी उघडून ऊन आत घेते, चारच्या सुमारास बंद करते. झोपण्याआधी अर्धा तास पांघरुणात गरम पाण्याची पिशवी. खोली गार असते, अंथरूण नाही.

शेगडी आता अंगणात पेटते. शेजारच्या दोघी येऊन बसतात, नऊ वाजता आत्या निखाऱ्यांवर पाणी ओतते आणि आत जाते. डोकं दुखायचं थांबलंय.