खुलासा : धुराड्यात लोखंडी गोळा सोडू नका

अमेरिका-कॅनडात जुनी घरं घेतलेल्या आपल्या मंडळींत एक सल्ला फिरतोय : धुराड्यातला तडकलेला मातीचा लायनर (धूर जातो त्या मार्गाचं आतलं अस्तर, भाजक्या मातीच्या नळीसारख्या टाइलचं) काढायला कारागीर नको, छपरावरून दोरीला बांधलेला लोखंडी गोळा आत सोडा, टाइल आपोआप फुटतील.

फुटतात, हे खरं. पण गोळा कुठे आपटेल यावर आपला ताबा नसतो. एकाच धुराड्यात धुराचे दोन मार्ग असले, एक शेकोटीचा आणि एक भट्टीचा, तर मधली विटांची पातळ भिंत ढासळू शकते आणि तळघरातल्या, घर गरम करणाऱ्या भट्टीचा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू थेट दिवाणखान्यात येऊ शकतो.

जाणकार जोडसळ्यांच्या टोकाला फिरतं पोलादी डोकं लावतात, वरून दणकट ड्रिलने फिरवतात आणि साधारण २-२ फुटांच्या त्या टाइलच्या नळ्या वरून खाली फोडत जातात. मलबा खालच्या सफाईच्या झडपेतून काढत राहावा लागतो, नाहीतर धुराडं तुंबतं. शेकोटीचं तोंड आधी प्लास्टिकने बंद. काजळी घरभर पसरली की महिनाभर पुसत बसा! टाइलमागे बांधकामाचा मसाला गच्च भरलेला असेल तर मात्र ड्रिलही हात टेकतं. मग बाजूच्या विटा काढून छिन्नीनेच काम.

स्टीलचा लायनर फोडायचा नसतो. शेगडीपासून सोडवून तो वर ओढतात. त्याभोवती सुटं व्हर्मिक्युलाइट (उष्णता अडवणारे खनिजाचे हलके दाणे) भरलेलं असेल तर थांबा : १९९० पूर्वीचा अमेरिकेतला बराचसा माल मोंटानातल्या लिबीच्या खाणीतला होता, आणि त्यात अ‍ॅस्बेस्टॉस हे श्वासातून गेल्यास घातक ठरणारं तंतुमय खनिज होतं.