पुराव्याअभावी

अकरा वर्षे मी एका कंपनीच्या अंतर्गत लेखापरीक्षण विभागात काढली. समोरचा माणूस कितीही शपथेवर सांगत असला तरी कागद पाहिल्याखेरीज त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, एवढाच या कामाचा गाभा आहे. गोदामाचा प्रमुख "माल आला होता हो साहेब, मी स्वतः उतरवून घेतला" असे कळवळून सांगू लागला, की मी चष्मा नाकावर जरासा खाली सरकवून "आवक पावती?" एवढेच विचारत असे आणि तो भला माणूस डोळ्यांदेखत विरघळत असे. तेव्हा मला त्यात एक सूक्ष्म आनंदही मिळत असे, हे आता कबूल करायला हरकत नाही.

मुलगी दोन वर्षांची होऊन गेली आणि तिला सांभाळण्याच्या साऱ्या व्यवस्था एकामागून एक कोलमडल्या, तेव्हा आम्हा दोघांपैकी एकाने घरी थांबावे, असे ठरले. बायकोचा पगार माझ्यापेक्षा बराच जास्त असल्याचे दोन्ही पगारपत्रके शेजारी शेजारी ठेवताच सिद्ध झाले. पुरावा समोर असल्यामुळे मला आक्षेप घेता आला नाही. मी राजीनामा दिला, निरोपाच्या भाषणात "आता जरा निवांतपणा मिळेल" असे वाक्य उच्चारले आणि घरी आलो. त्या वाक्याचे चित्रीकरण एका सहकाऱ्याकडे आहे, आणि तो ते मला अधूनमधून पाठवत असतो.

निवांतपणाचा अंदाज मी हवेत बांधला नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या शिफारशींनुसार तिच्या वयाच्या मुलांना दिवसाच्या 24 तासांत दुपारच्या झोपेसह 11 ते 14 तास झोप हवी असते. मी सावधगिरीने 12 धरले. त्यातले दहा रात्रीचे, म्हणजे दुपारचे दोन तास निव्वळ शिल्लक. या दोन तासांत एक नवी भाषा शिकायची, जुने फोटो वर्षवार लावायचे आणि पाठीचे व्यायाम करायचे, असा तक्ता मी तयार केला होता. आकडा चुकला नाही. मुलगी खरोखरच बारा तास झोपते. मात्र दुपारचे दोन तास ती कधी वीस मिनिटे माझ्या खांद्यावर, कधी चाळीस मिनिटे माझ्या डाव्या हातावर आणि उरलेला वेळ, आपण थोड्याच वेळात उठणार आहोत अशी टांगती तलवार माझ्या डोक्यावर ठेवून झोपते. या काळात पाठीचा व्यायाम होतो, पण तो पाठ करते, मी नाही.

खरा पेच पहिल्या शुक्रवारी पडला. बायको ऑफिसातून आली, तिने पिशवी खाली ठेवली आणि अत्यंत निरागसपणे विचारले, "मग, आज काय काय केलंत?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि माझ्यापाशी सांगण्यासारखे काहीही नाही, हे माझ्या लक्षात आले. सकाळी सहापासून मी एकदाही धड बसलो नव्हतो, चहा तीनदा गरम करून तीनदा विसरलो होतो, आणि तरीही घर सकाळी होते तसेच, खरे तर त्याहून किंचित वाईट अवस्थेत, समोर उभे होते. धुतलेले कपडे पुन्हा मळले होते, पुसलेल्या फरशीवर पुन्हा काहीतरी सांडले होते आणि भरवलेले अन्न, जितके पोटात गेले तितके, दिसत नव्हते. हे काम जितके चांगले करावे तितका त्याचा मागमूस उरत नाही, आणि वाईट केले तर मात्र दारातूनच दिसते. उभ्या कारकिर्दीत असे खाते माझ्या तपासणीत आले नव्हते. "काही विशेष नाही," असे मी म्हणालो, आणि त्या क्षणी मला तो गोदामाचा प्रमुख आठवला.

सोमवारी मी एक जाड नोंदवही घेतली आणि प्रत्येक कामाची वेळेसकट नोंद ठेवायला सुरुवात केली. पहिल्याच पानावरचा काही भाग येथे जसाच्या तसा उतरवतो. 8:10, बूट शोधण्यास आरंभ. 8:35, डावा बूट सापडला. 8:40, आज बूट नको असल्याचे समजले. 8:55, सवाल बुटांचा नसून मोज्यांच्या रंगाचा असल्याचे निष्पन्न. 9:05, दोन्ही बूट उलट पायांत घालण्यावर तडजोड. 9:07, दाराबाहेर पाऊल. 9:08, शी. पुढची ओळ कोरी आहे, कारण या टप्प्यावर पेन कोठे गेले ते कळले नाही; बुधवारी ते कपडे धुण्याच्या यंत्रात सापडले आणि त्याबरोबर माझ्या चार सदऱ्यांनी आपला मूळ रंग कायमचा सोडला.

त्याच आठवड्यात मी खेळण्यांची साठा पडताळणीही केली. लाकडी चित्रकोड्याचे तुकडे खोक्यावर 24 लिहिलेले असताना प्रत्यक्षात 23 भरले. ज्यांच्या ताब्यात हा साठा होता त्यांच्याकडे तफावतीचा खुलासा मागितला असता "तो झोपलाय" असा जबाब मिळाला. कोठे झोपला आहे, या उपप्रश्नावर "हळू बोल" असे उत्तर आले. मी अनेक शाखांमध्ये अनेक बेरकी रोखपाल पाहिले आहेत; इतक्या शांत चेहऱ्याने मला कोणीही फिरवलेले नाही. तो तुकडा तीन आठवड्यांनी माझ्या जुन्या ऑफिसच्या बॅगेत, पेन ठेवण्याच्या कप्प्यात, रुमालाच्या घडीत पांघरूण घालून ठेवलेला सापडला. म्हणजे जबाब खरा होता. मीच योग्य ठिकाणी तपासणी केली नव्हती.

आईला फोनवर या वहीबद्दल सांगितले तेव्हा ती इतका वेळ हसली, की मला मध्येच "हॅलो, हॅलो" करावे लागले. "अरे, पण ती दाखवणार कोणाला?" तिने विचारले. मग लगेच आवाज उतरवून म्हणाली, "तुझी झोप होते ना रे नीट?" हा प्रश्न तिने गेल्या दोन वर्षांत माझ्या बायकोला एकदाही विचारलेला नाही, हे मला नोंदवणे भाग आहे. बागेतही तोच अनुभव येतो. मुलीला घेऊन झोपाळ्यापाशी उभे राहिलो, की कोणी ना कोणी काकू येऊन "किती करता हो तुम्ही मुलीचं!" असे कौतुक करतात. त्यांच्या शेजारीच एक बाई एका मुलाला काखेत धरून, दुसऱ्याच्या बुटाचा बंद बांधत, तिसऱ्याला मातीतून उठ म्हणून सांगत असते. तिचे कौतुक कोणीही करत नाही. ती माझ्याकडे ज्या नजरेने पाहते ती नजर मला परिचित आहे. वार्षिक तपासणीला आलेल्या, सुटाबुटातल्या, दोन दिवसांत परत जाणाऱ्या अधिकाऱ्याकडे शाखेतली माणसे अशीच पाहत असत.

एक अर्ज भरताना व्यवसायाच्या रकान्यापाशी अडलो, तेव्हा माझ्यातला लेखापरीक्षक पुन्हा जागा झाला. माझ्या या कामाची देशाच्या हिशोबात तरी नोंद होते का, हे मी पाहिले. होत नाही. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार घरच्या माणसाने घरच्यांसाठी केलेला स्वयंपाक, झाडलोट आणि बालसंगोपन उत्पादनात धरले जात नाही. तेच काम पगार देऊन दुसऱ्याकडून करून घेतले तर धरले जाते. एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी घरकाम करणाऱ्या बाईशी लग्न केले तर राष्ट्रीय उत्पन्न घटते, हा विरोधाभास आर्थर पिगू या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने 1920 मध्येच दाखवून दिला होता. इतकी मोठी त्रुटी शंभर वर्षांपूर्वी निदर्शनास आणूनही अनुपालन अहवाल आलेला नाही! एखाद्या शाखेने असे केले असते तर मी त्या शाखेवर स्वतंत्र परिच्छेद लिहिला असता.

आइसलँडच्या स्त्रियांनी मात्र परिच्छेद लिहीत न बसता थेट अचानक तपासणी केली. 24 ऑक्टोबर 1975 या दिवशी तिथल्या सुमारे 90 टक्के स्त्रियांनी ऑफिसातले आणि घरातले, दोन्ही काम बंद ठेवले. बापांना मुले बरोबर घेऊन कामावर जावे लागले. पुढच्याच वर्षी तिथे समानतेचा कायदा झाला. हे वाचून मला त्या बापांबद्दल मनापासून सहानुभूती वाटली, आणि पाठोपाठ किंचित हेवाही, कारण त्यांची पाळी एका दिवसात संपली होती. बायकोला मी हे सगळे तपशिलाने ऐकवले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "अर्जात मग काय लिहिलंस?" मी तो रकाना कोराच ठेवला होता, आणि अर्ज अपूर्ण म्हणून परत आला होता.

या साऱ्या काळात एकच काम असे होते ज्याचा निकाल आकड्यांत दाखवता येणार होता, आणि ते म्हणजे हिरवी भाजी. या वयातली मुले नवा पदार्थ पाहताच तोंड फिरवतात, आणि तोच पदार्थ जबरदस्ती न करता आठ-दहा, कधी कधी पंधरा वेळा पुढे ठेवला तर पुष्कळदा स्वीकारतात, असे बालआहाराचे जाणकार सांगतात. बहुतेक आई-बाप तिसऱ्या-चौथ्या वेळी कंटाळून सोडून देतात म्हणे. मी सोडणाऱ्यांपैकी नव्हतो. एका पावतीसाठी चौदा स्मरणपत्रे पाठवलेला मी माणूस आहे. वहीत स्वतंत्र पान उघडले. पहिली वेळ, पाहिले नाही. चौथी, बोटाने ढकलले. सहावी, बाहुलीला भरवले. नववी, जिभेला लावून परत ताटात ठेवले. या नोंदीपुढे मी उत्साहाच्या भरात तारा काढला आहे. अकरावी, भिंतीवर. तेरावी, "उद्या" असे आश्वासन.

चौदाव्या वेळी, मंगळवारी, दुपारी 12:50 वाजता, काहीही न बोलता तिने ती भाजी उचलली, तोंडात घातली, चावली, गिळली आणि "अजून" म्हणाली. मी जागेवरून हललो नाही. फोन दुसऱ्या खोलीत होता, आणि तो आणायला उठलो तर ती खायची थांबेल, या भीतीने मी श्वाससुद्धा बेताने घेत होतो. तिने वाटी संपवली.

संध्याकाळी बायको दारात बूट काढत असतानाच मी तिला ही वार्ता दिली; वहीतले पान उघडूनच उभा होतो. तिने पान पाहिले, मुलीकडे पाहिले आणि म्हणाली, "अगं बाई, खरंच? दाखव बघू मला." मी राखून ठेवलेली भाजी गरम करून वाटीत घातली आणि मुलीपुढे ठेवली. तिने वाटीत डोकावले, मग माझ्याकडे अशा आश्चर्याने पाहिले की जणू हा पदार्थ आणि हा गृहस्थ दोन्ही तिला आयुष्यात प्रथमच दिसत होते, आणि वाटी अलगद पालथी केली.

"खाल्ली होती गं, मी स्वतः पाहिलं," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखीचा वाटला.

बायकोने चष्मा नाकावर जरासा खाली सरकवला.