वसूल न होणारी १८ मिनिटं

काल संध्याकाळी नव्या सिस्टिममधून टाइमशीटचा, म्हणजे कोणाचा किती वेळ कशावर गेला आणि त्यातला अशिलाकडून किती वसूल होणार याचा, रिपोर्ट काढला आणि त्यात मीच निघाले. आमच्या वकिलांच्या फर्मच्या एका पार्टनरच्या नावापुढे नोंद होती: "मॅनेजर मॅडमशी चर्चा. ०.३ तास. वसुली नाही." ०.३ तास म्हणजे १८ मिनिटं. आता ही चर्चा म्हणजे काय, तर साहेब माझ्या केबिनमध्ये दार लावून बसले होते, पासवर्ड परत लॉक झाला म्हणून गळा दाटून आला होता, "मी आता कालबाह्य झालो का हो?" असं विचारत होते आणि मी अर्धं जेवण तसंच ठेवून त्यांची समजूत घालत होते. चांगला पाऊण तास. त्यातली १८ मिनिटंच धरली हा वेगळा अपमान. बोलत ते होते, ऐकत मी होते, आणि वाया गेला तो त्यांचा वेळ!

हरकत घ्यायला गेले तर स्क्रीनवर मेसेज आला, नोंदीत बदल हवा असल्यास सपोर्टकडे तिकीट टाका. सपोर्ट म्हणजे मी. टाकलं. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

वकिलांची फर्म सांभाळणं म्हणजे काय हे बाहेरच्यांना कळत नाही. इतर ठिकाणी वर एक मालक असतो, त्याने मान डोलावली की खाली कामं होतात. इथे प्रत्येक पार्टनर मालक, आणि शिवाय वाद घालायचं शिक्षण घेतलेला. लॅरी रिचर्ड म्हणून एक गृहस्थ आहेत, आधी वकील होते, मग मानसशास्त्रज्ञ झाले, त्यांनी वकिलांच्या स्वभावाच्या चाचण्या घेतल्या तर संशयीपणात वकील सरासरी ९० व्या पर्सेंटाइलला निघाले, सर्वसामान्य माणूस ५० ला. मला हे सांगायला चाचणी लागली नसती, आमच्याकडे चहाच्या मशिनची सूचना लावली तरी खाली कोणीतरी पेनाने "कोणत्या अधिकारात?" असं लिहून जातं.

त्यात भर म्हणजे न्यूयॉर्कची ती २०२३ ची केस. एका वकिलाने चॅटजीपीटीला विचारून निवाडे काढले, दुसऱ्याने सही करून ते कोर्टात दाखल केले, ते निवाडे अस्तित्वातच नव्हते, कोर्टाने ५,००० डॉलरचा दंड केला. गंभीर प्रकार आहे, मान्य. पण आमच्याकडे ती केस आता कुठल्याही सॉफ्टवेअरच्या विरोधात वापरली जाते. मी ऑनलाइन रजेचा अर्ज आणला तेव्हाही वापरली. रजेच्या अर्जात खोटे निवाडे कुठून येणार, असं विचारलं तर म्हणे तत्त्वाचा प्रश्न आहे.

तर या मंडळींना "बदलासाठी मानसिक आधार" द्यायचं ठरलं आणि एक ट्रेनर बोलावण्यात आले. तरुण, उत्साही, कॉलरला माइक. तासाभरातच त्यांनी ती प्रसिद्ध स्लाइड लावली: नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. खाली जाऊन वर येणारी एक छान रेघ. लेझरचा ठिपका "राग" वर धरून ते म्हणाले, "फ्रेंड्स, आज आपण सगळे इथे आहोत."

मोठे साहेब उठले. कोर्टात उठतात तसे, आधी चष्मा काढून, मग कोटाचं बटण लावून.

"हे टप्पे कोणी सांगितले?"

"सर, एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस. १९६९."

"त्या कुठलं ऑफिस चालवायच्या?"

"नाही सर, मानसोपचारतज्ज्ञ होत्या."

"मग ऑफिसात सॉफ्टवेअर बदललेल्या लोकांशी बोलल्या होत्या?"

"नाही, म्हणजे... पेशंटशी."

"कसले पेशंट?"

ट्रेनरनी माझ्याकडे बघितलं. मी पाण्याची बाटली उघडायला घेतली.

"गंभीर आजारी होते, सर."

"बरे होणारे?"

"...नाही सर."

"म्हणजे मरणाच्या दारातले. हो की नाही, एवढंच सांगा."

"हो सर."

बाजूला बसलेल्या ज्युनियरने हे खरंच लिहून घेतलं, मी बघितलं, तारखेसकट.

"आता पाचव्या टप्प्याकडे या. स्वीकार. तो झाल्यावर पुढे काय होतं?"

"सर, आलेख तिथेच संपतो."

"मी आलेखाचं विचारत नाही. पेशंटचं विचारतोय."

अख्खी खोली गप्प. माइकमधून ट्रेनरचा श्वास ऐकू येत होता. ते "मुद्दा असा आहे की" म्हणाले, तर साहेब म्हणाले, "मुद्दा मी काढतो, तुम्ही प्रश्नाचं उत्तर द्या." मग ट्रेनर म्हणाले की मूळ टप्पे मृत्यूबद्दलचे असले तरी मॅनेजमेंटमध्ये ते सर्रास वापरतात, आणि हे वाक्य बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांना कळलं. साहेब खाली बसले. "मला आणखी काही विचारायचं नाही." त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी त्यांना मोठ्या केसेस जिंकतानाही बघितलेलं नाही.

तेवढ्यात मागच्या रांगेतून आमचे हेडक्लार्क काका उठले. म्हणाले, "सर, मी त्या घासाघीसमध्ये आहे. माझं जुनं रजिस्टर चालू ठेवायची परवानगी द्या, मी तुमचं नवीन पण भरतो." हशा पिकला. ट्रेनर खूश झाले, "व्हेरी गुड, काकांनी आपला टप्पा ओळखला!" म्हणून टाळ्या वाजवायला लावल्या. परवानगीचं कोणी काहीच बोललं नाही.

ते रजिस्टर मी बघितलंय. लांबडं, कापडी बांधणीचं, पानापानावर लाल रेघा. पुढची तारीख, दाखल करायची मुदत, कुठला कागद कोणाकडे गेलाय, सगळं त्यात. पण खरा माल समासात आहे. लाल गोल म्हणजे अशील फोनवर रडतो, मोठ्या वकिलानेच बोलावं. दोन गोल म्हणजे भाऊभाऊ भांडतायत, दोघांना एका वेळी बोलावू नये. फुली म्हणजे फी बुडवणार. नव्या सिस्टिममध्ये यासाठी एक ड्रॉपडाउन आहे: प्रलंबित, निकाली, इतर. काकांचा सगळा समास "इतर" मध्ये गेला. गेल्या आठवड्यात रिसेप्शनवर दोन भाऊ एकाच सोफ्यावर बसवले गेले, पुढचं सांगत नाही.

आणि ही वेळ लिहायची भानगड सुरू कोणी केली, तर बॉस्टनच्या रेजिनाल्ड हेबर स्मिथ यांचं नाव घेतात. १९१९ मध्ये ते हेल अँड डॉर या फर्ममध्ये आले आणि कोणाचा वेळ कशावर जातो ते रोज लिहून ठेवायची शिस्त लावली. त्याआधी ते लीगल एड सोसायटीत होते, म्हणजे गरिबांना फुकट मदत करणाऱ्या संस्थेत. हेतू एवढाच, की काम करायला आपल्याला पडतं किती ते कळावं. पुढे त्याचंच बिल झालं, तासाचे दहा तुकडे झाले, सहा मिनिटांचा एक, आणि आता माणसं एकमेकांशी बोलतानाही घड्याळ बघतात. प्रत्येक मिनिट कुठल्यातरी मॅटरच्या, म्हणजे केसच्या, कोडवर टाकायचं, म्हणून ज्युनियर मुलं तर माझ्या दारात उभी राहून आधी विचारतात, "मॅडम, हे कुठल्या कोडला टाकू?" मला सांगा, आई आजारी आहे म्हणून घरी लवकर जायचंय, याला कोड काय देऊ मी?

टायपिस्ट मॅडमचं मात्र मला हसून सांगता येत नाही. वकील आता फोनमध्येच बोलून ड्राफ्ट करतात, त्यांच्याकडे डिक्टेशन येईनासं झालंय. त्यांना पार्टनरांकडून मेल गेला की तुमचा रोल इव्हॉल्व्ह होतोय. त्या मेलची प्रिंट घेऊन माझ्याकडे आल्या, म्हणाल्या, "मॅडम, म्हणजे माझी नोकरी आहे की गेली?" हाच प्रश्न मी मीटिंगमध्ये जसाच्या तसा विचारला. उत्तर आलं, सध्या मेसेजिंग पॉझिटिव्ह ठेवा. जी माणसं करारातलं एक "आणि" काढायला दोन दोन दिवस भांडतात, त्यांना एका बाईला हो की नाही सांगता येत नाही! आणि ते न सांगितलेलं उत्तर गोड आवाजात पोचवायला मी आहे. याला म्हणे चेंज चॅम्पियन. तसा बॅज पण दिलाय, पगार आहे तोच.

आज दुपारी पुढचा मेल आला. आता केबिन काढून ओपन सीटिंग करायचंय, सोमवारपर्यंत सगळ्यांची मानसिक तयारी करून द्या, दोन स्लाइड पुरेत. कोणाची केबिन जाणार ते मला कळवलेलं नाही, फक्त रडायला सगळे कुठे येणार ते ठरलेलं दिसतंय. तेव्हा म्हटलं निदान टिश्यूचे बॉक्स तरी मागवून ठेवावेत. अकाउंट्समधून लगेच विचारणा आली, कुठल्या मॅटरला लावू?