स्कॅन केलं म्हणजे दप्तर सुटलं?

महापुरानंतर सांगलीतल्या संस्थांच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात एक मेसेज फिरतो: "दप्तर स्कॅन करा, ड्राइव्हवर टाका, कागद रद्दीत घाला. आपलं ऑफिस आयएसओ आहेच. रेकॉर्डची ती परदेशी मानकं म्हणजे कागदी घोडे. पाळतं कोण?" मी एका सहकारी संस्थेचं दप्तर सांभाळते. हा मेसेज वाचून ओळखीतल्या एका संस्थेनं खरोखरच गठ्ठे रद्दीवाल्याला दिले, म्हणून हे लिहिते आहे.

आधी स्कॅनचं बोलू. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45 फूट. आमच्या रॅकच्या खालच्या दोन फळ्या बुडाल्या. कर्जाच्या फायली फुगून एकमेकींना चिकटल्या. पंख्याखाली एकेक पान सोडवत आम्ही कित्येक दिवस बसलो. तेव्हा स्कॅनची किंमत मला कुणी सांगायला नको. पण जे आधी स्कॅन झालं होतं, त्याची नावं होती 'स्कॅन 0001', 'स्कॅन 0002'. एका सभासदाचा जामीनरोखा शोधायला आम्ही दोघी तीन दिवस पडद्यासमोर होतो. सापडला, तर मागची बाजू स्कॅनच केलेली नव्हती. जामीनदारांच्या सह्या मागेच होत्या.

आयएसओ 15489 हे नोंदी सांभाळण्याचं आंतरराष्ट्रीय मानक नेमकं याबद्दलच आहे. 2001 साली आलं, 2016 मध्ये सुधारलं. ते चार गोष्टी बघतं: नोंद अस्सल आहे का, तिच्यावर भरवसा ठेवता येतो का, ती पूर्ण आणि फेरफार न झालेली आहे का, आणि हवी तेव्हा सापडते का. मग ती कागदावर असो की पीडीएफमध्ये. आमचा तो स्कॅन दोन ठिकाणी नापास. कोर्टाचंही तसंच. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात द्यायची तर सोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. ड्राइव्हवर फाईल पडून आहे एवढ्यानं भागत नाही.

"ऑफिस आयएसओ आहेच." भिंतीवरचं ते प्रमाणपत्र बहुतेक ठिकाणी 9001 चं, गुणवत्ता व्यवस्थापनाचं असतं. 15489 चं प्रमाणपत्र मिळतच नाही, ते मार्गदर्शक मानक आहे. दप्तराच्या व्यवस्थेचं प्रमाणपत्र हवं असेल तर आयएसओ 30301 हे वेगळं मानक बघावं लागतं. हा फरक चांगल्या शिकलेल्या सचिवांनाही ठाऊक नसतो, याचं मला वाईट वाटतं.

परदेशी म्हणाल, तर 15489 चं मूळ ऑस्ट्रेलियाच्या मानकात आहे, खरं. पण सहा गठ्ठे पद्धत आपल्याच कचेऱ्यांतली ना? प्रलंबित कागद वेगळे, स्थायी आदेश वेगळे, अभिलेख कक्षात पाठवायचे वेगळे, नष्ट करायचे वेगळे. वर कागद किती काळ ठेवायचा याचे अ, ब, क, ड वर्ग. 'अ' म्हणजे कायम ठेवायचं. 2023 साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा जुनी जन्म-मृत्यूची रजिस्टरं मोडी वाचणाऱ्यांपुढे आली, ती कुणीतरी रुमालात बांधून जपली होती म्हणूनच.

पाळतं कोण, या प्रश्नात तथ्य आहे: फार थोडे. मानकाचं नावच कानावर गेलेलं नसतं. आमच्याकडे आता स्कॅनच्या नावात सभासद क्रमांक, वर्ष आणि कागदाचा प्रकार असतो. स्कॅन पाठपोट होतं. नष्ट करायच्या कागदांची यादी संचालक मंडळापुढे मंजूर झाल्याशिवाय एकही गठ्ठा जागचा हलत नाही. आणि खालच्या दोन फळ्या आम्ही रिकाम्याच ठेवतो.